सतरा माणसं कमी

आमच्याकडे खाण नको म्हणणारे तीन हजार एक्कावन्न निघाले आणि खाण हवी म्हणणारे एकतीस. तरी आम्ही हरलो. हे मी आजवर कितीतरी परक्या माणसांना सांगितलं आणि प्रत्येकाने माझ्याकडे असं बघितलं, की हा गडी सकाळी सकाळीच टाकून आलाय की काय. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो. मधे बोलू नका, माझं डोकं लवकर तापतं.

मी गिल्दार्दो. सांता रुफिना गाव आणि त्याच्या वर डोंगरात विखुरलेल्या अकरा वाड्या, यांच्यामध्ये मी जीप चालवतो. आत आठ माणसं बसतात. मागच्या फळीवर उभी राहून आणि बाजूला लोंबकळून आणखी दहा येतात, टपावर कॉफीची पोती असतात ती वेगळीच. तीस वर्षं हेच करतोय. कोणाच्या घरात किती माणसं, कोण बोगोटाला रखवालदार झालंय, कोण स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलीय, सगळं मला तोंडपाठ आहे. माझं स्वतःचं घर सगळ्यात वरच्या वाडीत, ला कास्काहोसात. दोन हेक्टर कॉफी, सावलीला केळी, आणि घरामागच्या कपारीतून बारा महिने वाहणारा झरा.

सोन्याच्या खाणीच्या कंपनीने नकाशा आणला तेव्हा आमची वाडी त्यात निळ्या रंगाने रंगवलेली होती. माझी बायको नोएमी म्हणाली, "बघा, आपला झरा दाखवलाय." झरा कसला! सोनं धुऊन झालं की जो विषारी गाळ उरतो, तो साठवायचा तलाव होता तो. तो आमच्या झऱ्यावर, आमच्या कॉफीवर आणि आमच्या छपरावर साठणार होता. तेव्हापासून मला रात्री नीट झोप नाही. चाळीस मीटर चिखलाखाली आपलं स्वयंपाकघर कसं दिसेल, हे एकदा डोक्यात शिरलं की जात नाही.

उबाल्दिना बाईंनी सार्वमताची मागणी लावून धरली. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले, उरलेल्या अर्ध्याला कान धरून. निवृत्त झाल्या तरी त्यांच्यासमोर अजून कोणी टोपी घालून उभं राहत नाही. सह्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी तारीख मिळाली. प्रश्न एकच होता. आमच्या हद्दीत खाणकाम व्हावं का? हो किंवा नाही.

समितीची बैठक मिसाएल खाटकाच्या दुकानामागे भरली. बाईंनी फळ्यावर आकडे मांडले.

"यादीत नऊ हजार तीनशे बेचाळीस नावं आहेत. त्यातली एक तृतीयांश माणसं मत टाकायला आली पाहिजेत. म्हणजे तीन हजार एकशे चौदा. एक जरी कमी पडलं तर सगळं रद्द, आत काय लिहिलंय ते कोणी विचारणार नाही."

मिसाएल म्हणाला, "हो म्हणणारे धरून की सोडून?"

"धरून. दारातून आत आला तो मोजायचा. काय लिहितो ते नंतर."

हे बाईंनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी मान डोलावली.

"आणि यादीतले जे इथे राहतच नाहीत?" मी विचारलं. "माझा भाऊ अकरा वर्षं झाली माद्रिदला आहे. माझे वडील तर या ईस्टरच्या आधी गेले, त्यांचंही नाव असेलच."

"आहे. यादी त्याआधी बंद झाली. जे आले नाहीत ते सगळे त्यांच्या बाजूचे धरायचे, गिल्दार्दो. तुझा भाऊही आणि तुझे वडीलही."

माझा बाप आयुष्यभर त्या झऱ्याचं पाणी प्यायला. आता मेल्यावर त्याला खाणीचा समर्थक करून ठेवला. मी फळ्यासमोरच शिवी हासडली आणि बाईंनी नेहमीसारखं चष्म्यावरून बघितलं.

आता कंपनीची अक्कल ऐका. त्यांनी 'हो म्हणा' असं एका भिंतीवर लिहिलं नाही. एक सभा नाही, एक कर्णा नाही. फक्त एक चित्र गावभर चिकटवलं. एक कुटुंब टेबलाभोवती बसून रस्सा ओरपतंय, आणि खाली अक्षरं: 'रविवार घरच्यांसोबत.' बस्स, एवढंच! आम्ही त्या चित्राला हसलो. मिसाएल म्हणाला, "बघा, भांडण सोडून बिचारे जेवायला बसले." हसायचं काही नव्हतं. नाही म्हणणाऱ्या तीन हजारांना हरवायला त्यांना तीन हजार एक माणसं लागत नव्हती. आमच्यातले थोडे घरी बसले की त्यांचं काम झालं.

शिवाय नेहमी वाड्यांमध्ये चार ठिकाणी पेट्या ठेवतात. या वेळी खर्चाला पैसे नाहीत म्हणून फक्त गावातल्या शाळेत. रविवारचा बाजारही शनिवारी ढकलला, म्हणे शांतता राहावी म्हणून. म्हणजे वरच्या माणसाला रविवारी गावात यायचं कारणच उरलं नाही. आमच्याकडे चार जीपा होत्या. चौघांनी ठरवलं, सकाळपासून फेऱ्या मारायच्या आणि एक पेसोही घ्यायचा नाही.

रविवारी पहाटे मी जीपला पाणी घालत होतो, तर माझी मुलगी देर्ली पांढरा सदरा घालून, केस विंचरून, ओळखपत्र हातात घेऊन उभी. तिची नोकरी कंपनीतच. ओढ्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. तंत्रशाळा शिकून दीड वर्ष घरी बसली होती, मग हे तीन-तीन महिन्यांच्या करारावरचं काम मिळालं. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं पहिलं माणूस ती.

"कुठे निघालीस?"

"मत टाकायला. अख्ख्या डोंगराला सांगत फिरताय, घरची पोरगी तेवढी नको वाटतं?"

"कंपनीचा माणूस शाळेसमोर बसणार आहे. आत जाईल त्याचं नाव लिहिणार."

"लिहू दे की. माझं नाव सोपं आहे लिहायला."

"चेष्टा नको. हो म्हणणारे सगळे घरी बसणार आहेत. जो दारातून आत गेला तो नाहीवालाच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझा करार याच महिन्यात संपतोय."

"संपला तर संपला! बाबा, तुमच्या डोक्यावर चिखल येणारे."

नोएमी तव्यावर मक्याची आरेपा उलटत होती. ती आरेपा करपली. तेवढ्यावरून मला काय ते कळलं.

"हे बघ," मी आवाज चढवला, "मतं आपल्याकडे पोत्याने आहेत. तुझ्या एकटीने काही अडत नाही. उद्या दुसरं काम कुठे शोधणार तू? घरी बस म्हटलं ना!"

देर्लीने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. "ठीक आहे. तुम्ही म्हणताय म्हणून," ती म्हणाली आणि आत गेली. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं कौतुक वाटलं. झरा वाचवायला निघालोय आणि पोरीची नोकरीही वाचवली, असा हुशार बाप कोणाला मिळतो, असं मनात म्हणत मी जीप चालू केली.

पहिल्या फेरीला एकोणीस माणसं होती. एका नव्वदीच्या म्हातारीला आम्ही तिच्या वेताच्या खुर्चीसकट उचलून ठेवलं. ती वाटभर ओरडत होती, "हळू चालव रे मेल्या, मत टाकायच्या आधी मला मारशील!" सगळे हसत होते. जत्रेला निघाल्यासारखं वाटत होतं.

शाळेसमोर बेकरी आहे. तिच्या दारात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर फाबियो बसला होता, मांडीवर वही. फाबियो परका नव्हे, मिसाएलचा मामेभाऊ. सगळ्यांना नावानिशी ओळखतो, म्हणूनच त्याला बसवला होता. बोगोटाचा माणूस बसवला असता तर त्याला कोण कोणाचं ते काय कळणार होतं?

"काय फाबियो, देवळात जायचं सोडून इथे?"

"ऊन खातोय, काका."

"वहीत ऊन लिहितोस का?"

"कविता करतोय." त्याने वर बघितलंच नाही. माझ्या गाडीतून उतरणाऱ्यांकडे बघत त्याची पेन्सिल चालूच होती.

मत गुप्त असतं म्हणतात. कागद गुप्त होता हो, दार कुठे गुप्त होतं? माझ्या गाडीतून उतरलेल्या दोन बायकांनी ती खुर्ची बघितली, एकमेकींकडे बघितलं, आणि "आम्ही मेणबत्ती लावायला आलो होतो" म्हणून देवळाकडे वळल्या. त्यांचे नवरे कंपनीच्या रस्त्यावर खडी टाकायला जातात. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पहाटे मी माझ्या घरात जे केलं तेच त्या करत होत्या, मग कोणत्या तोंडाने बोलणार? दुसऱ्या एकाने टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. त्याच्या पांगळ्या चालीवरून त्याला सगळा डोंगर ओळखतो, टोपीने काय लपणार! तरी तो आत गेला. त्याला मी अजून मानतो.

दुपारपर्यंत रांग बरी होती. अडीचला बाई फाटकाशी आल्या. कपाळावर घाम, हातात चिठ्ठी.

"दोन हजार सातशे चाळीस. अजून पावणेचारशे हवेत. दीड तास आहे. गिल्दार्दो, वर जा. दिसेल त्याला उचल."

"दिसेल त्याला उचलतो, बाई," मी म्हटलं.

डोंगर चढताना मी प्रत्येक घरासमोर भोंगा वाजवला. पण आता उरले होते ते टाळणारेच. एक जण म्हणाला, गाय वितेय. एक जण म्हणाला, सगळे नाहीच म्हणणार आहेत ना, मग मी कशाला? त्याला मी खाली उतरून शिव्या दिल्या, तर त्याने दार लावून घेतलं. मोठ्या मुश्किलीने नऊ माणसं जमली. जीप अर्धी रिकामी.

उतरताना मधल्या वळणावर ओतोनिएल उभा होता. बायको, तीन पोरगे, दोन सुना, सगळी धुतलेल्या कपड्यांत. ओतोनिएलची जमीन म्हणजे नुसता खडक. गेली दोन वर्षं तो उघडपणे खाणीच्या बाजूने बोलायचा, आणि गेली दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हतो. त्याने हात केला. मी थांबलो.

"गिल्दार्दो, आम्हालाही घे. सात जण आहोत."

"कुठे?"

"मत टाकायला."

"कसलं मत?"

"'हो'चं. लपवायचं कशाला?" तो म्हणाला. "माझ्या रानात दगडाशिवाय काही उगवत नाही, तीन पोरं बिनकामाची. मला खाण हवीय. कंपनीवाले सांगून गेले, घरीच बस. मी म्हटलं, मी काय चोर आहे दार लावून बसायला? माझं मत आहे, मी जाऊन देणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे माझ्याच गाडीत बसून माझ्याच घरावर चिखल ओतायला निघालास होय? चालत जा!"

"चालत दोन तास लागतात. चारला दार बंद होतं."

"मग तुझ्या कंपनीला सांग गाडी पाठवायला!"

मी गाडी अशी दामटली की सातही जण धुळीने माखले. गाडीतले नऊच्या नऊ जण टाळ्या वाजवायला लागले. मागच्या फळीवरचा एक तर शीळ घालत होता. आरशात मला ओतोनिएल दिसला. सुनेच्या कपड्यांवरची धूळ झटकत होता. मग ते सगळे वळून घराकडे निघाले. सबंध दिवसात मला तेवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नव्हता.

चारला दहा कमी असताना आम्ही पोचलो. नऊ जण आत गेले. चार वाजता फाटक लागलं. फाबियोने वही मिटली आणि खुर्ची उचलून बेकरीत ठेवली.

मोजणीला वेळ लागला नाही. उजेड होता तोवरच शाळेच्या दारावर कागद लागला. पुढचा पोरगा ओरडला, "नाही, तीन हजार एक्कावन्न! हो, एकतीस!" आणि काय सांगू, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मिसाएल रडायलाच लागला. कोणीतरी बाण सोडला, तो आभाळात जाऊन फुटला. मी नोएमीला उचलून गरगर फिरवली, या वयात! झरा वाचला, झरा वाचला, असं ती माझ्या कानात म्हणत होती.

उबाल्दिना बाई त्या कागदासमोर एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि शाळेच्या भिंतीवर बेरीज मांडली. तीन हजार एक्कावन्न. एकतीस. कोरी आणि बाद पंधरा. खाली रेघ मारली आणि तीन हजार सत्त्याण्णव लिहिलं. त्यांनी ती बेरीज हाताने पुसली आणि पुन्हा केली. पुन्हा तेवढंच आलं.

"सतरा," त्या म्हणाल्या.

पुढच्या रांगेतले गप्प झाले, मग मागचे. दुसरा बाण पेटवायला घेतलेल्या माणसाने काडी विझवली. लोक हळूहळू घरी गेले. लाजल्यासारखे, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. नोएमी वाटेत गाडीत एकच वाक्य बोलली, "सतरा म्हणजे तुमच्या गाडीतही मावली असती." पहाटेचं ते टेबलावरचं ओळखपत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं.

सोमवारी दुपारी समिती पुन्हा मिसाएलच्या दुकानामागे बसली. रडायला आणि कोणाला तरी शिव्या द्यायला. सुरुवात आम्ही कंपनीपासून केली, मग पेट्या काढून घेणाऱ्यांना घेतलं, मग बाजार ढकलणाऱ्यांना, मग फाबियोला. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झालं? आता मला सांगा, कोणी कोणाला घरी बस म्हटलं?"

कोंबडीची पिसं उडत होती ती बघत बसले सगळे.

पहिला मिसाएलच बोलला. "माझी मेहुणी. तिचा नवरा त्यांच्याकडे गाडीवर आहे. ती येत होती. मीच म्हटलं, राहू दे, आपल्याकडे आहेत भरपूर."

मग औषधवाली म्हणाली, तिचे दोघे भाऊ. मग सुतार म्हणाला, त्याची आई आणि बहीण, कारण बहिणीने कंपनीच्या स्वयंपाकघरात अर्ज केलाय. एकेक तोंड उघडत गेलं. प्रत्येकाने आपापल्या एका-दोघांवर दया केली होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की दया करणारे आपण एकटेच. बाई फळ्यावर रेघा मारत होत्या. मग त्यांनी स्वतःसाठी दोन मारल्या.

"माझे भाचे," त्या म्हणाल्या. "मला आकडा माहीत होता. तरी."

मी म्हटलं, "माझी देर्ली. ती तर तयार होऊन उभी होती."

सव्वीस रेघा झाल्या. सव्वीस! आपली माणसं, आपल्याच तोंडाने घरी बसवलेली. तिथे तरी थांबायचं. पण माझ्या गाडीत शेवटच्या फेरीला असलेला एक जण मागून म्हणाला, "आणि ओतोनिएलचे सात."

"कोणते सात?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना मला वाटलं, निदान यावर तरी कोणी हसेल. एक-दोघं म्हणालेही, बरं केलंस, ते तर होवाले. बाईंनी खडू खाली ठेवला.

"गिल्दार्दो, काल आपल्याविरुद्ध मत द्यायला सतरा माणसं जास्त आली असती, तर आपण जिंकलो असतो. तुझ्या हातात त्यातली सात होती."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली.

"तिसरीत असतानाही तू गणित संपायच्या आत मान डोलवायचास," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी मी ओतोनिएलच्या घरासमोर जीप थांबवली. माफी मागायला गेलो होतो की त्याची कॉलर धरायला, मला अजून सांगता येत नाही. तो खडकावर बसून कोयत्याला धार लावत होता.

"तू आम्हाला गाडीत घेतलं असतंस तर तुम्हाला सतराऐवजी दहाच कमी पडले असते," तो म्हणाला. "पोराने हिशेब करून दाखवला. उपकारच केलेस म्हणायचे." पण तो हसला नाही. "फक्त माझं मत द्यायचं राहून गेलं. तेवढं वाईट वाटतं बघ."

कंपनीने बोगोटाच्या पेपरात मोठी जाहिरात दिली. दोन तृतीयांश जनतेने शांतपणे घरी राहून आमच्यावर विश्वास दाखवला, असं त्यात होतं. त्या दोन तृतीयांशात माझा मेलेला बाप होता, माद्रिदचा भाऊ होता, गाय वितेय म्हणणारा होता, मेणबत्तीवाल्या दोघी होत्या, आणि माझी देर्ली होती. फाबियोची कविताही मग हळूहळू वाचायला मिळाली. खडी टाकणाऱ्यांतली चौदा माणसं कमी केली. मिसाएलकडून कंपनीत जाणारं मटण बंद झालं. त्या पांगळ्या माणसाच्या पोराला दारावरूनच परत पाठवलं. वहीत ज्यांची नावं नव्हती त्यांच्यातल्या काहींना मात्र कायम केलं. देर्लीला कायम केलं. जमीन मोजणाऱ्या पथकात घेतलं, पगार दीडपट. पत्र घेऊन ती घरी आली तेव्हा नोएमीने तिला जवळ घेतलं आणि दोघीही रडल्या. आनंदाने रडतात तसं ते नव्हतं.

कॉफी लाल व्हायला लागली होती त्या आठवड्यात कंपनीची पांढरी गाडी आमच्या अंगणात आली. बोगोटाचा एक तरुण इंजिनियर, नीट बोलणारा, बूट बाहेर काढणारा. आणि त्याच्यामागे डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घातलेली देर्ली. आदल्या दिवशी कुठे मोजणी आहे ते तिला सांगितलेलं नव्हतं, की तिने आम्हाला सांगितलं नव्हतं, मी विचारलं नाही. नोएमीने सगळ्यांना कोरी कॉफी दिली. देर्लीलाही पाहुण्याच्या कपात दिली.

इंजिनियरने कागदावरून वाचलं, "या भागातून कोणाची वैध हरकत नाही."

"तीन हजार एक्कावन्न हरकती आहेत," मी म्हटलं.

"काका, ते सार्वमत रद्द झालं ना," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. त्याच्यावर रागावताही येईना. देर्ली जमिनीकडे बघत होती.

झऱ्यापासून घराच्या भिंतीपर्यंत अंतर मोजायचं होतं. त्यांचा दुसरा माणूस खाली काठी रोवत होता. देर्लीने फीत काढली, माझ्याजवळ आली.

"बाबा, हे टोक धराल?"

"कुठे धरू?"

"झऱ्याच्या तोंडाशी. दगडाला टेकवून, घट्ट."

मी कपारीपाशी उकिडवा बसलो आणि टोक दगडाला टेकवलं. पाणी माझ्या बोटांवरून वाहत होतं. ती फीत सोडत सोडत कॉफीच्या झाडांमधून घराकडे गेली. भिंतीपाशी पोचून तिने आकडा हळूच सांगितला. इंजिनियर म्हणाला, "परत सांग." तिने परत सांगितला, "सेहेचाळीस मीटर," आणि त्याने लिहून घेतला. मग ती ओरडली, "बाबा, अजून एकदा तपासून घेते, सोडू नका."

मी सोडलं नाही. सोडलं असतं तर तिचं माप चुकलं असतं.